अनुभव धागा: इम्प्लांट लांबलं, त्या काळात मनाचं काय झालं?

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र. त्याचा खर्च, मशीन कुठलं, मॅपिंग (मशीनचे आवाज माणसाला जुळवून घेणं) कसं यावर सगळे बोलतात. पण मोठ्या वयात ऐकू येणं बंद झालं आणि ऑपरेशन लांबत राहिलं तर माणसाचं काय होतं ते कोणी विचारत नाही. ठाणे-नवी मुंबईकरांनो, मोकळेपणी लिहा.

नौपाडा, ठाणे:
२०२० च्या मार्चमध्ये टेस्ट झाल्या, एमआरआयपण झाला आणि लॉकडाऊन लागला, तातडीची सोडून सगळी ऑपरेशनं पुढे. त्यात मास्क. मी ओठ बघून समजून घेणारी, ते ओठच झाकले गेले. मेडिकलवाल्याने एकदा वैतागून हातानेच जा म्हटलं, तेव्हापासून एकटी दुकानात जाणं सोडलं. जेवताना सगळे हसले की मीपण हसायचे, काय झालं विचारलं की "काही नाही गं, नंतर सांगते". आता ऑपरेशन झालंय, ऐकू येतं, पण चारचौघांत गप्प बसायची सवय सुटत नाहीये.

कोपरखैरणे:
आमच्या ह्यांचे मेंदूज्वरात दोन्ही कान गेले. त्यानंतर कॉक्लिआच्या (कानाच्या आतला शंखासारखा भाग) आत हाड धरू शकतं, मग इम्प्लांटचं इलेक्ट्रोड (आत सरकवायची बारीक तार) आत जात नाही, म्हणून ऑपरेशनची घाई करायची असते. आम्ही पैसे जमवण्यात अडकलो, सरकारच्या एडिप योजनेत (अपंगांना साधनं देणारी) इम्प्लांट मिळतं ते लहान मुलांना, चाळिशीतल्या माणसाला नाही. शेवटी इलेक्ट्रोड अर्धवटच बसलं. स्विच-ऑनला, म्हणजे मशीन पहिल्यांदा चालू करतात तेव्हा, आम्ही सगळे व्हिडिओ काढायला मोबाईल धरून उभे आणि ह्यांना नुसत्या शिट्ट्या ऐकू येतायत. घरी येऊन मशीन काढून ठेवलं, म्हणाले, "तू दागिने मोडलेस आणि मला तुझा आवाजपण ओळखता येत नाही." आता समोर बसून बोललेलं बरंच कळतं, फोन जमत नाही. चिडचिड आहे, ती होणारच. 'पॉझिटिव्ह राहा' सांगणाऱ्या नातेवाईकांना मी सरळ थांबवते.

घणसोली:
मी जन्मापासून बहिरा, इम्प्लांट पंचविशीनंतर. हॉर्न कळतो, बेल कळते, शब्द नाही. ऑडिओलॉजिस्टने (ऐकण्याची तपासणी करणारे) हे आधीच सांगितलेलं, पण आई अजून मागून हाक मारून बघते. नंतर तिचा चेहरा बघितला की कळतं मला, आणि तेच सगळ्यात जड जातं. मित्रांबरोबर साइनमध्ये बोलतो तेव्हा मोकळं वाटतं.

वागळे इस्टेट:
माझं अजून व्हायचंय. ऐकू न येता जितकी वर्षं जातात तितका फायदा कमी होऊ शकतो असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून झोप उडालीय. एका कानात थोडं उरलंय, त्यात साधं कानाचं मशीन (श्रवणयंत्र) लावत राहा म्हणतात, पण नुसता गोंगाट येतो आणि डोकं चढतं. इथे कोणी वाट बघताना मशीन लावलंय का? किती वेळ लावायचात?