शेततळ्यातल्या माशांची पाठ वाकडी होतेय, कशामुळे?

केळीवाला, रावेर:
राम राम मंडळी. केळीच्या पाण्यासाठी प्लास्टिकचा कागद टाकून शेततळं केलंय, त्यात गेल्या पावसाळ्यात रोहू आणि सायप्रिनसची (कॉमन कार्पची) बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. आता जाळं ओढलं तर बरेच मासे शेपटीकडे वाकलेले, काहींना कुबड, काहींचं कल्ल्यावरचं झाकण इतकं आखूड की आतला लाल कल्ला उघडा दिसतो. खातात चांगलं, मरत नाहीत, पण व्यापारी असा माल बाजूला काढतो. खाद्य म्हणजे सरकी पेंड, कोंडा आणि थोडं गोणीतलं तयार खाद्य. शेजारी कपाशी आहे. पाण्यात काही टाकून सरळ होतील का?

बापू, चोपडा:
भाऊ, वाकलेला मणका परत सरळ होत नाही, कोणी औषधाची बाटली घेऊन आलं तर पैसे घालू नको. बोटुकली आली तेव्हाच वाकडी होती का ते आठव. हॅचरीत पिढ्यानपिढ्या भाऊबंदातल्याच नर-मादीचं बीज काढलं किंवा अंडी उबताना पाणी जास्त तापलं तर असे मासे निघतात. नंतर वाकले असतील तर माझा संशय खाद्यावर. या माशांच्या अंगात सी जीवनसत्त्व तयार होत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं, नाहीतर हाडातलं कोलॅजन, म्हणजे हाडाला धरून ठेवणारं प्रथिन, नीट बनत नाही. सायप्रिनसला किलोभर खाद्यात साधारण ४५ मिलिग्रॅम लागतं. मातीच्या तळ्यात शेवाळ-प्लवंगातून (पाण्यातल्या सूक्ष्म जीवांतून) थोडंफार मिळून जातं, कागदाच्या तळ्यात पाणी नितळ असेल तर सगळी मदार गोणीवर, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडात गोणी ठेवली की सगळ्यात आधी हेच उडून जातं. तारीख बघून ताजी गोणी घे, सावलीत फळीवर ठेव, आणि फॉस्फेट रूपातलं सी असलेलं खाद्य माग, ते टिकतं.

फिशरीजवाली, धुळे:
बापूंचं बरोबर आहे, पण दादा, आखूड झाकण सांगितलंत म्हणून फॉस्फरसही बघा. कॅल्शियम मासा कल्ल्यातून पाण्यातलंच ओढतो, आपल्या विहिरींचं पाणी जड, त्याची कमी पडत नाही. फॉस्फरस पाण्यात नसल्यातच जमा, आणि पेंड-कोंड्यातला बराचसा फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला, तो माशाला सुटत नाही. त्यात रोहू-सायप्रिनसला जठरच नसतं, आम्ल नाही, म्हणून हाडांची पूड घातली तरी नीट विरघळत नाही. खाद्यात घालायच्या डीसीपीपेक्षा (डायकॅल्शियम फॉस्फेट) मोनोकॅल्शियम फॉस्फेट जास्त अंगी लागतं. नुसत्या सरकीवर मासे वाढवणं थांबवा, कळकळीने सांगते.

तापीकाठ:
फवारणीचं कोणीच बोललं नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक तळ्यात उतरलं की माशाला झटके येतात, स्नायू इतके आखडतात की मणकाच मोडतो. एका पावसानंतर एकदम सगळे वाकले असतील तर तसं समजा, तो मासा खाऊ नका, विकू नका, बांधाचं पाणी आधी वळवा. आणि मासा वाळत चालला असेल, अंगावर जखमा असतील तर ते जंतूंचंही असू शकतं, मोजे घालूनच हात लावा.

केळीवाला, रावेर:
बोटुकली सरळच होती, आणि एकदम नाही, हळूहळू वाकत गेले. एक रोहू आत्ता चिरला, जिथे बाक आहे तिथे मणक्याला चिकटून काळपट रक्त साकळलंय, जखम कुठेच नाही.

बापू, चोपडा:
मग सी कमी पडण्याकडेच जास्त जातंय, तिथे रक्त साकळतं. तरी दोन-तीन जिवंत मासे आणि मूठभर खाद्य घेऊन जळगावला मत्स्यव्यवसाय ऑफिसात दाखव. आणि नवीन बीज आत्ता टाकू नको, आधी गोणी बदल.