स्मरणिकेचा मजकूर: कृतिदेवमध्येच राहू द्यायचा की युनिकोडमध्ये आणायचा?

शाहूपुरीकर (सातारा):
आमच्या वाचनालयाच्या जुन्या स्मरणिका वेबसाइटवर टाकायचं ठरलं. डीटीपीवाल्याकडनं पेजमेकरच्या, म्हणजे पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या, फायली आणल्या. मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला, तर सगळा इंग्रजी अक्षरांचा काला. अध्यक्षांचं मनोगत वायफायच्या पासवर्डसारखं दिसत होतं.

फायलीतला मजकूर कृतिदेव या जुन्या फाँटात. त्यात 'मराठी' हा शब्द आतून ई, जे, के, बी, एच असा असतो. अंगावरचं झबलं तेवढं देवनागरी. फाँट गेला की उघडं पडलं. माझं म्हणणं एवढंच, की पान कशातही लावा, पण मूळ मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडं चालणारा ठरलेला कोड देणाऱ्या पद्धतीत घ्या. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, अजून किती वाट बघायची?

कंपोझिटर मामा (कऱ्हाड):
पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. माझं पोट अजून तिच्यावर चालतंय. युनिकोड मजकूर ती घेत नाही, नुसती प्रश्नचिन्हं ओकते. बरं, इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यावा, तर 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर, म्हणजे आपली लिपी नीट जुळवणारी सेटिंग, निवडायचा राहिला की वेलांटी भलतीकडं आणि जोडाक्षरं फुटलेली. घाईत एकदा पत्रिकेवरच्या 'चि.'ची वेलांटी च च्या पुढं जाऊन बसली. नवऱ्या मुलाचा बाप समोर खुर्चीत. सगळा गठ्ठा रद्दीत गेला, कागद माझ्या खिशातनं.

जुन्या फाँटात जे दिसतं तेच छापतं. गिऱ्हाइकाला तेवढंच पाहिजे असतं.

शाहूपुरीकर:
मामा, खरी गोम तिथंच आहे. तुम्ही 'किल्ला' टाइप करताना आधी वेलांटी मारता, मग क. 'दुर्ग' लिहिताना आधी ग, मग रफार. म्हणजे कागदावर डोळ्याला दिसतं त्या क्रमानं. युनिकोड तोंडाचा क्रम धरतं. आधी क मग वेलांटी, आधी र् मग ग. दाखवायच्या वेळी वेलांटी अलीकडं नेणं हे संगणकाचं काम. म्हणून सभासदांची यादी एक्सेलमध्ये अकारविल्हे लागते. तुमच्या फाँटात 'किरण' आणि 'गिरीश' दोघंही वेलांटीच्याच घरात.

कंपोझिटर मामा:
यादी लावून घ्यायला माझ्याकडं कोण येत नाही ओ. पत्रिका छापायला येतात.

राजवाडा चौपाटी:
एवढी भांडणं कशाला? स्कॅन करा, पीडीएफ टाका, विषय संपला.

शाहूपुरीकर:
स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. फोनवर दोन बोटांनी पान ओढत कोण वाचणार? आणि 'ग्रंथपाल' शोधलं तर काय सापडणार, डोंबल?

कृष्णाकाठ (वाई):
मी युनिकोडवालीच, पण दादा, फार उड्या मारू नका. मामांच्या गावाचंच नाव घ्या. कऱ्हाडमधला तो 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह. दुसरा, साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही जुळ्या भावांसारखे. पण जो शोध कोडाला कोड ताडून बघतो, त्याला ही दोन वेगळी गावं. मी आमच्या बचत गटाच्या यादीत हे भोगलंय: निम्म्या बायका कऱ्हाडच्या, निम्म्या 'दुसऱ्या' कऱ्हाडच्या. जुना फाँट युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढलं की तिसरंच, डोक्यावर रफार घेतलेलं 'कर्हाड'.

कंपोझिटर मामा:
😄 ताई, माझ्या फाँटात कऱ्हाड एकच आहे.

शाहूपुरीकर:
हे मला माहीत नव्हतं. आत्ता आमची रूपांतर केलेली फाइल उघडून बघितली, सगळीकडं 'कर्हाड'च आहे. तरी मत बदलत नाही. हे दुरुस्त करता येतं, एकच तऱ्हा ठरवायची आणि शोधा-बदला चालवायचं. तुमच्या फायलीत तर शोधायला मराठी असं काही नाहीच, मामा.

कंपोझिटर मामा:
कन्व्हर्टरवर सोडू नका, तो रफाराची माती करतो. पहिली आठ पानं माझ्याकडं पाठवा, मूळ छापील अंकासकट. जुळवून देतो. पण पत्रिका पेजमेकरमध्येच लागणार, ते सांगून ठेवतो.