सोसायट्यांच्या बॅटऱ्या एकत्र जोडून वीजकेंद्र : राज्याच्या धोरणात नेमके काय हवे?

सचिव, ऐरोली
आमच्या सोसायटीच्या गच्चीवर 20 किलोवॉटचे सौर पॅनेल असून सामाईक मीटरला, म्हणजे लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांना, नेट मीटरिंग लागू आहे. आता एका कंत्राटदाराने 40 युनिट साठवणारी बॅटरी सुचवली आहे. अशा अनेक बॅटऱ्या एकत्र जोडून संध्याकाळी ग्रिडला वीज देणारे ‘व्हर्च्युअल पॉवर प्लांट’ लवकरच राज्यात येणार आणि सोसायटीला त्यातून उत्पन्न मिळणार, असे तो छातीठोकपणे सांगतो. सर्वसाधारण सभेपुढे विषय ठेवण्यापूर्वी दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत: हे उत्पन्न आज धरून चालता येईल का, आणि येत नसेल तर राज्याच्या धोरणात काय असायला हवे?

निवृत्त वीज अभियंता, कळवा
ते उत्पन्न अंदाजपत्रकात धरू नका. नेट मीटरिंगमध्ये तुम्ही दुपारी बाराला दिलेले युनिट आणि रात्री आठला घेतलेले युनिट एकास एक वजा होते. म्हणजे ग्रिड हीच तुमची फुकटची बॅटरी आहे. स्वतःच्या बॅटरीत वीज भरून पुन्हा काढताना साधारण दहा टक्के वाया जाते, शिवाय तिची किंमत वेगळी. व्यवहार सरळ तोट्याचा आहे.

ग्रिडच्या लेखी मात्र ही दोन युनिटे मुळीच सारखी नाहीत. राज्यभरातील विजेची मागणी आणि पुरवठा यांचा क्षणोक्षणी मेळ घालणारे राज्य भार प्रेषण केंद्र तुमच्या ऐरोलीतच आहे. मे महिन्यात सूर्य मावळतो, सौर वीज उतरते आणि त्याच सुमारास घरोघरी एसी सुरू होतात, तेव्हा तिथल्या पाळीवरच्या माणसांना एकेक मेगावॉट शोधावा लागतो. तुमची बॅटरी चार तास 10 किलोवॉट देईल, ते त्यांच्या पडद्यावर दिसणारही नाही. पण अशा 1,000 सोसायट्या एकाच सूचनेवर चालल्या तर 10 मेगावॉट होतात. ही मोट बांधणाऱ्या मध्यस्थाला कायदेशीर स्थान देणे आणि संध्याकाळच्या युनिटाला निराळा भाव देणे, ही दोन कामे धोरणाने आधी करावीत. अमेरिकेच्या केंद्रीय नियामकाने 2020 मध्ये आदेश क्रमांक 2222 काढून अशा मध्यस्थांना विजेचा घाऊक बाजार खुला केला, तरी अंमलबजावणी वर्षानुवर्षे रेंगाळली; म्हणून नुसता आदेश निघाला की काम झाले, असे समजू नये.

सदस्य, घोडबंदर रोड
‘निराळा भाव’ हे शब्द ऐकले की मला धास्ती वाटते. कॅलिफोर्नियाने एप्रिल 2023 पासून नव्या सौर ग्राहकांना ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला सुमारे 75 टक्क्यांनी कमी केला. त्यानंतर लोक बॅटऱ्या घेऊ लागले हे खरे, पण ज्यांना बॅटरी परवडत नाही त्यांचे सौरही थांबले. आपल्याकडे सोसायट्यांना पंतप्रधान सूर्यघर योजनेत किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान देऊन बोलवायचे आणि मागाहून नेट मीटरिंग काढून घ्यायचे, असे होऊ नये. संध्याकाळचा मोबदला नेट मीटरिंगच्या वर मिळायला हवा, त्याच्या बदल्यात नव्हे.

दुसरा मुद्दा अनुभवाचा आहे. पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारा आमचा इन्व्हर्टर बंद पडला, तेव्हा कळले की त्याचा पासवर्ड कंत्राटदाराकडे आहे आणि त्याने फोन उचलणेच सोडून दिले आहे. यंत्र आमचे, गच्ची आमची, पण आज किती युनिट झाली हे आम्हाला दिसेना! अकरा दिवस यात गेले. इन्व्हर्टरची माहिती आणि ताबा ग्राहकाचाच राहील, आणि मध्यस्थ बदलला तरी यंत्र बदलावे लागणार नाही, हे धोरणात स्पष्ट लिहिलेले असावे.

निवृत्त वीज अभियंता, कळवा
नेट मीटरिंगबद्दलचे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. माझे वाक्य मोघम होते. मॅसॅच्युसेट्समध्ये तशीच सोय आहे: उन्हाळ्यातल्या ठरावीक संध्याकाळी बॅटरीने सरासरी किती किलोवॉट दिले, त्यावर स्वतंत्र पैसे मिळतात.

खरी गोम मोजणीत आहे. बॅटरीला स्वतःचा मीटर लावता येतो, पण ‘पंप चालवला नाही’ हे मोजायचे कसे? साडेसात हॉर्सपॉवरचा पंप सुमारे 5.6 किलोवॉट घेतो. आधीच्या दिवसांच्या सरासरी वापराशी तुलना करावी, तर आधीचे काही दिवस संध्याकाळी मुद्दाम पंप चालवून ती सरासरी फुगवायची आणि सूचना आली की बंद ठेवून पैसे घ्यायचे, ही युक्ती कोणत्याही हुशार खजिनदाराला आठवड्यात सुचेल. म्हणून तुलनेचे दिवस कोणते आणि ते कोण ठरवणार, हे वीज नियामक आयोगाने विनियमातच बांधून द्यावे. वितरण कंपनीवर सोपवू नये, कारण पैसे तिलाच द्यायचे असतात.

सचिव, ऐरोली
सर्वांचे आभार. बॅटरीचा विषय या सभेत घेत नाही. कंत्राटदाराकडून इन्व्हर्टरचा पासवर्ड मात्र लेखी मागवून घेतो. पंपाचे वाचून आज रजिस्टर काढले. आमचा वॉचमन रोज संध्याकाळी सातलाच पंप सुरू करतो, कारण त्याची पाळी तेव्हा सुरू होते. तळटाकी दुपारी दोनपर्यंत भरलेली असते, त्यामुळे उद्यापासून दिवसपाळीच्या माणसाला चावी देत आहे.