मालिका न बघणाऱ्या घरांचं काय?

“मालिका आता फक्त म्हातारी माणसं बघतात, त्यांचा परिणाम कसला?” हे मत मला अजिबात पटत नाही. न बघणारेही त्यातून सुटत नाहीत. लग्नंच घ्या. लालबाग-परळच्या चाळीत हळद म्हणजे मुहूर्तमेढ, घाणा भरणं (सुवासिनींनी मिळून हळद, धान्य कांडणं-दळणं), जात्यावरच्या ओव्या आणि शेजारणींचा राबता. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्यानंतरही बरीच वर्षं हे तसंच होतं. नव्वदीत खाजगी वाहिन्या आल्या आणि हिंदी मालिकांमधली, सिनेमातली लग्नं रोज घरात दिसू लागली. आता त्याच चाळीत मेंदीचा वेगळा दिवस, ‘संगीत’, वर नाच बसवून घ्यायला माणूस! (हौसेला माझी ना नाही.) पण हॉलचं भाडं आणखी एका दिवसाचं भरताना मुलीच्या वडिलांची ओढाताण होते. नको म्हणायची सोयही नसते, कारण ‘सगळेच करतात’.

भाचीच्या लग्नात आम्ही संगीत वगळलं, घाणा भरला. आत्याला बऱ्याच ओव्या येत होत्या, त्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. तुमच्या घरात कुणाला येत असतील तर लवकर करून घ्या.