अमेरिकेतली ऐतिहासिक कृष्णवर्णीय कॉलेजं: पहिलं कोणतं, आणि कोण कुठे शिकलं?

प्रश्न:
या कॉलेजांवर प्रश्नमंजूषा तयार करतेय. सर्वांत जुनं म्हणून कुठे चेनी, कुठे लिंकन, कुठे विल्बरफोर्स सापडतं. बरोबर कोणतं धरू? नामवंत विद्यार्थ्यांच्या याद्या तरी खात्रीच्या असतात का?

उत्तर १:
तिन्ही बरोबर, प्रश्न मात्र नेमका हवा. पेन्सिल्व्हेनियातलं चेनी १८३७ चं, पण सुरुवात शाळा म्हणून. पदव्या बऱ्याच उशिरा. पदवी देण्यासाठीच निघालेलं लिंकन, १८५४. ओहायोतलं विल्बरफोर्स १८५६ चं. १८६३ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चने ते विकत घेतलं, म्हणून कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या मालकीचं पहिलं. नुसतं ‘पहिलं कोणतं?’ विचारलंत तर वाद होणारच.

‘ऐतिहासिक कृष्णवर्णीय’ हा दर्जा मिळायला १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यानुसार कॉलेज १९६४ पूर्वीचं आणि मुळात कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी काढलेलं असावं लागतं. आज तिथे कोण शिकतं यावर दर्जा ठरत नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या ब्लूफील्ड स्टेटमध्ये आता गोरे विद्यार्थी बहुसंख्य आहेत, तरी ते यादीत आहे.

उत्तर २:
याद्यांमध्ये शिकलेले आणि शिकवणारे यांची सरमिसळ फार होते. कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर अलाबामातल्या टस्कीगी कॉलेजचे पदवीधर नव्हेत. शिकले आयोवात, टस्कीगीत १८९६ पासून शिकवलं. टस्कीगी उभारणारे बुकर टी. वॉशिंग्टन व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनचे विद्यार्थी. समाजशास्त्रज्ञ ड्यू बॉइस यांच्यापुढे सगळे हार्वर्ड लिहितात, पण पहिली पदवी फिस्कची, १८८८. (१९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिलं ते यांनाच.) नासाच्या गणिती कॅथरिन जॉन्सन वेस्ट व्हर्जिनिया स्टेटच्या, १९३७. मार्टिन ल्यूथर किंग मोरहाउसचे, १९४८. प्रवेश घेतला तेव्हा वय १५.

वकील थरगुड मार्शल यांच्यावर मात्र एक अख्खी फेरी घ्या. लिंकनमधून १९३० मध्ये बी.ए., हॉवर्डमधून १९३३ मध्ये कायद्याची पदवी. मेरीलँड विद्यापीठाचं लॉ स्कूल तेव्हा कृष्णवर्णीयांना घेतच नव्हतं. हॉवर्डमधले त्यांचे गुरू चार्ल्स ह्यूस्टन यांच्यासह त्यांनी त्याच लॉ स्कूलवर खटला लढवला, आणि १९३६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही निकाल त्यांच्याच बाजूने लागला. पुढे सरकारी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ब्राउन खटला त्यांनीच लढवला; १९६७ मध्ये ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले.

उत्तर ३:
अनेक नावांत ‘ए अँड टी’ (कृषी आणि तंत्र) किंवा ‘ए अँड एम’ (कृषी आणि यंत्र) का, हेही विचारा. १८९० च्या मॉरिल कायद्याने राज्यांपुढे दोन वाटा ठेवल्या: सरकारी कृषी-तंत्र कॉलेजात वर्ण पाहू नका, नाहीतर कृष्णवर्णीयांसाठी वेगळं काढा. दक्षिणेतल्या राज्यांनी वेगळं काढलं. नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी त्यातलंच. तिथलेच चार विद्यार्थी १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरोमधल्या वूलवर्थ दुकानातल्या ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असलेल्या खाण्याच्या काउंटरवर निषेध म्हणून जाऊन बसले.