सोसायटीची नोटीस आली: दोन कुत्री, भुंकणं आणि खालच्या बाल्कनीत पाणी

प्रश्न (तिसरामजला, पुणे)

घरात दोन कुत्री आहेत. चार वर्षांची देशी मादी आणि आठ वर्षांचा लॅब. साडेनऊ ते सहा घरात कोणी नसतं. सेक्रेटरींनी लेखी नोटीस दिली आहे: दिवसभर भुंकणं, लिफ्टमध्ये वास, बाल्कनी धुतल्यावर खालच्यांच्या कपड्यांवर पाणी. पंधरा दिवसांत कुत्री हलवा, तोपर्यंत लिफ्ट वापरू नका, असंही त्यात आहे. लसीकरण आणि महापालिकेचा परवाना दोन्ही चालू आहेत. शेजाऱ्यांशी वैर नको आहे. सुरुवात कुठून करावी?

प्रभातफेरी

आधी रेकॉर्डिंग. तुम्ही घरात नसताना काय चालतं हे तुम्हाला ठाऊक नाही, शेजाऱ्यांना ठाऊक आहे. जुना मोबाइल दाराकडे तोंड करून चार्जरला लावा आणि तीन कामाचे दिवस सलग आवाज टिपा. मग कागदावर तीन रकाने करा: कधी सुरू झालं, किती मिनिटं चाललं, त्याआधी कसला आवाज आला.

ऐकताना दोन प्रकार वेगळे काढा. बेल, लिफ्टचं दार, पार्सलवाला यांवरचं भुंकणं तुटक आणि धारदार असतं, ते निमित्त गेलं की एक-दोन मिनिटांत थांबतं. एकटं पडल्याच्या भीतीचं भुंकणं तुम्ही गेल्यावर काही मिनिटांतच सुरू होतं, एकाच पट्टीत चालतं, मध्ये हेल काढून रडणं असतं आणि दार ओरबाडल्याचा आवाज येतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. गल्लत केली तर महिना फुकट जातो.

खालच्यांकडे स्वतः जा, पण "त्रास होतो का?" असं विचारू नका. "नेमका किती वाजता जास्त होतो?" असं विचारा. त्यांनी सांगितलेल्या वेळा तुमच्या कागदाशी ताडून पाहा. तक्रार बहुतेकदा एखाद्या ठरावीक वेळेची असते: बाळ झोपायची वेळ किंवा घरून काम करणाऱ्याची मीटिंग.

कायद्याचंबोला

नोटिशीपुरतं सांगतो. कुत्री हलवायला सोसायटी भाग पाडू शकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २६ फेब्रुवारी २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि तिच्यासाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये अशी बंदी घालणारी कलमं बेकायदा ठरवली.

पण तो कागद ढालीसारखा पुढे धरू नका. रात्री कुत्र्यांना शांत ठेवण्याचा प्रयत्न मालकाने करावा, हेही त्याच सूचनांत आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. कायद्याने कुत्रं घरात ठेवण्याचा हक्क मिळतो, त्याने तासभर ओरडण्याचा नाही. आणि जनावराबाबत हयगय करून माणसाला धोका पोचवला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ मालकालाच लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

उत्तर लेखीच द्या आणि प्रतीवर पोच घ्या. मजकूर एवढाच पुरे:

"आपली दि. ___ ची नोटीस मिळाली. भुंकण्याच्या वेळांची नोंद सुरू केली असून दि. ___ पर्यंत उपाय कळवतो. बाल्कनी आजपासून पाणी ओतून धुतली जाणार नाही. लस व परवान्याच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. कुत्री हलवण्याची व लिफ्ट न वापरण्याची अट भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांशी विसंगत असल्याने मान्य नाही."

रागाचा एकही शब्द नको. पुढे प्रकरण उपनिबंधकांकडे किंवा सहकार न्यायालयात गेलं तर हाच कागद वाचला जातो. कोणी विष घालण्याची धमकी दिली तर मात्र सोसायटीत वाद घालत बसू नका, थेट पोलिसांत लेखी तक्रार द्या. जनावर मारणं किंवा जायबंदी करणं हा त्याच संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

ओलीफरशी

वास आणि पाणी हे दोन्ही प्रश्न एका आठवड्यात सुटण्यासारखे आहेत, आणि शेजाऱ्यांना बदल दिसतो तो इथेच. म्हणून हे आधी करा.

बाल्कनीत बादली ओतणं बंद. लघवी आधी जुन्या वर्तमानपत्राने दाबून टिपायची, मग एन्झाइमवालं क्लीनर शिंपडून १०-१५ मिनिटं ओलं राहू द्यायचं, नंतर पिळलेल्या फडक्याने पुसायचं. लगेच पुसलं तर एन्झाइमला काम करायला वेळच मिळत नाही. लघवीतले क्षार फरशीच्या सांध्यांत बसतात आणि दमट हवेत पुन्हा वास सोडतात. उन्हाळ्यात गेलेला वास जूनमध्ये परत येतो तो यामुळेच. काळं फिनाइल वापरू नका. त्याने वास झाकला जातो, जात नाही, आणि कुत्रं पाय चाटतं तेव्हा ते विष पोटात जातं. अमोनिया असलेलं क्लीनरही नको, त्याचा वास कुत्र्याला लघवीसारखाच येतो आणि ते तिथेच पुन्हा करतं.

लिफ्टमध्ये लॅबला कोपऱ्यात बसवा आणि तुम्ही त्याच्या व दाराच्या मध्ये उभे राहा. दीड मीटरचा साधा पट्टा हवा, लांब होणारा दोरीचा नको. दार उघडताच कोणी समोर असेल तर "तुम्ही जा, आम्ही पुढच्या फेरीला येतो" म्हणा. पावसात निघण्याआधी त्याची पाठ आणि पोट टॉवेलने कोरडं करा, ओल्या केसांचा वास लिफ्टमध्ये बराच वेळ राहतो. खाली शीचं कागदात उचला. पुण्या-मुंबईत महापालिका त्यासाठी दंडही करते.

तिसरामजला

तीन दिवसांच्या नोंदी झाल्या. देशी साधारण सहाव्या मिनिटाला सुरू होते, पस्तीस मिनिटं रडते, दार ओरबाडते. लॅब फक्त अकरा आणि पावणेचारच्या बेलला भुंकतो, दोन मिनिटांत गप्प. गोठवलेला खाऊ ठेवला होता, देशीने त्याला तोंड लावलं नाही.

प्रभातफेरी

खाऊला तोंड न लावणं हीच खूण. ती हट्टीपणा करत नाही, घाबरली आहे. ओरडणं, पाण्याचा फवारा, शॉक देणारा किंवा उग्र वास फवारणारा गळ्यातला पट्टा, यातलं काहीही करू नका. भीतीवर शिक्षा चढवली की भुंकणं थांबलं तरी दार कुरतडणं, स्वतःचे पाय चावणं सुरू होतं. लॅब सोबत असूनही ती रडते, म्हणजे तिला माणूस हवा आहे. तिसरं कुत्रं आणणं हा उपाय नाही.

सराव असा: तिची सहनशक्ती सहा मिनिटांची आहे, तर सुरुवात त्याच्या बरीच आत, दोन मिनिटांपासून. चपला घाला, किल्ली घ्या, कुलूप लावा, परत या. आल्यावर लाडाचा गोंधळ नको. रोज एकदा, अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. वेळ सरळ चढवू नका: २, ४, १, ५, ३, ६ मिनिटं अशी खाली-वर ठेवा, नाहीतर दर वेळी जास्तच थांबायचं आहे हे तिला कळतं. मोबाइलवर बघत राहा. धापा, दाराशी येरझारा, जांभया दिसल्या तर रडण्याआधी आत या आणि पुढची फेरी छोटी करा. पहिली ३०-४० मिनिटं गाठायला कित्येक आठवडे जातात, पुढच्या उड्या मोठ्या असतात.

अवघड भाग हा की या काळात तिला त्या मर्यादेपलीकडे एकटं ठेवायचं नाही. रोज आठ तास एकटी राहिली तर संध्याकाळचा सराव वाया. कोणीतरी येऊन बसणारं, डॉग डेकेअर, घरून काम, काहीतरी जुळवावंच लागेल. जुळत नसेल किंवा तीन आठवड्यांत काही फरक नसेल तर पशुवैद्यांशी औषधाबद्दल बोला. अशा भीतीवर औषधं आहेत, पण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नका.

लॅबचं सोपं आहे. बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा, अगदी हळू वाजवा, लगेच खाऊ द्या. दिवसाला दहा वेळा, आवाज रोज थोडा वाढवत. दुपारी पार्सल खालीच ठेवायला वॉचमनला सांगा, कचरावाल्या ताईंना बेल न वाजवता डबा बाहेरून न्यायला सांगा. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावा, पॅसेजमधल्या पावलांचा आवाज आणि वास दोन्ही कमी होतात. सकाळी निघण्याआधी अर्धा तास त्याला हुंगत हुंगत फिरू द्या, नुसतं पळवू नका.

गोठवलेला खाऊ त्यालाच द्या: साधा दहीभात रबरी खेळण्यात भरून रात्री फ्रीझरमध्ये. मीठ, फोडणी, कांदा, लसूण नको.

ओलीफरशी

एक राहिलं. खालच्यांना फरशीवर नखांची टकटकही ऐकू येत असेल. दर तीन-चार आठवड्यांनी नखं कापा आणि दार ते बाल्कनी या वाटेवर तागाची चटई टाका. आठ वर्षांच्या लॅबचे पाय घसरायचेही थांबतील.