लॅबमध्ये रात्री अकरापर्यंत बसणं म्हणजे संशोधन, की माणसं कमी असल्याची झाकाझाकी?

डोमकळी :
आमची लॅब यवतमाळ जिल्ह्यात, गावाच्या थोडी बाहेर, रस्त्याच्या दोन्ही बाजूनं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. काम गुलाबी बोंडअळीवर, म्हणजे कापसाचं बोंड आतून खाणाऱ्या अळीवर. परवा एक सिनियर सगळ्यांसमोर म्हणाले, "सहा वाजता बॅग उचलते तो सायंटिस्ट नसते, बाबू असते." म्हणून हा धागा.

माझं म्हणणं सरळ आहे. अळीला रविवार कळत नाही, मान्य. पण अळीला मीच पाहिजे असंही काही नाही ना. बोंडं फोडून काढलेल्या अळ्या एकेक करून कृत्रिम खाद्याच्या कपात सोडा, खाद्य सुकलं की बदला, बुरशी धरलेला कप शेजारच्याला लागायच्या आत बाजूला काढा, इन्क्युबेटर (अळ्या ठेवायची ठराविक तापमानाची पेटी) 27 डिग्रीच्या आसपास आहे का बघा, लाईन गेली की पुन्हा बघा. हे दोन माणसांनी पाळी लावून केलं तर दोघंही जेवायला घरी असतात. पण जागा भरायच्याच नाहीत, प्रोजेक्टवर एक पोरगा ठेवायचा, तो अकरा वाजेपर्यंत थांबला की त्याला डेडिकेशन म्हणायचं आणि एखाद दिवशी नाही थांबला की रिपोर्टमध्ये 'इंटरेस्ट कमी'.

आणि रात्री अकरापर्यंतच्या त्या तासांत काम किती असते तेही बोलू. ऑटोक्लेव्ह, म्हणजे सामान निर्जंतुक करायचा मोठा कुकर, 121 डिग्रीवर पंधरा-वीस मिनिटं म्हणे, पण तापायचा आणि थंड व्हायचा वेळ धरला की दीड तास गेला. पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायचं मशीन) लावला की दोन तास. मधल्या वेळात लोक रील पाहतात, चहा मारतात आणि सरांची गाडी निघाली का ते खिडकीतून पाहत बसतात.

ओलीतवाला :
वाचून हसू आलं भाऊ. आमच्या इकडं शेतीपंपाची लाईन कधी दिवसा तर कधी रातची. रातची पाळी आली का बारा वाजता बॅटरी घेऊन ओलिताले जा लागते, दांडात पाय टाकला का खाली काय हाये ते दिसत नाही, मांगून रानडुक्कर येते का साप येते त्याचा भरोसा नाही. हरभऱ्याले म्हणाव का थांब बापा, आज माही ड्युटी संपली? 2017 ले बोंडअळीनं उभी पऱ्हाटी खाल्ली तवा कोणाले इचाराव तेच समजत नोतं. ज्याले आमच्या पिकाच्या नावानं पगार भेटते त्यानं घड्याळ पाहू नये, एवढंच म्हणणं हाये.

डोमकळी :
दादा, रातच्या ओलिताचं तुमचं बरोबरच आहे, म्हणून तर तुम्ही दिवसा वीज मागता ना? मोर्चे काढता. मग मी दिवसा काम मागितलं तर ते कामचुकारपणा कसं काय? आणि पगार नाही तो, फेलोशिप आहे. नेट ही परीक्षा निघालेल्याला जेआरएफचे, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिपचे, 2023 पासून महिन्याला 37 हजार, तेही वेळेवर आले तर. नेट नसलेल्या प्रोजेक्टवाल्याचं तर इचारूच नका.

ओलीतवाला :
37 हजार!! अन् वरून लोकं रडून रायले. बरं चालू द्या.

बिनपाण्याची विहीर :
आठवड्याला सत्तर तास काम करा म्हणणारे इन्फोसिसचे नारायण मूर्ती 2023 मध्ये बोलले, नव्वद तासवाले एल अँड टीचे साहेब 2025 मध्ये बोलले, आता तिसरे तुमचे सिनियर. फरक इतकाच की ते दोघं कंपनी चालवणारे होते, तुमच्या सिनियरला कोणता शेअर भेटते माहीत नाही.

निवृत्त कीटक :
मी आयुष्यभर कीटकशास्त्रात काढलं, त्यामुळे पक्षपाती समजा. धागा काढणाऱ्याचं निम्मं पटतं, पाळीचं मात्र पटत नाही. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं जनुक घातलेला कापूस, आपल्याकडे 2002 ला आला, दोन जनुकांचा 2006 ला. गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नाही हे गुजरातमधून 2010 ला जाहीर झालं, पुढे दुसऱ्यालाही देईनाशी झाली. हे कळतं कसं? तेच विष मिसळलेल्या खाद्यावर अळ्या सोडतात आणि ठरल्या दिवशी किती मेल्या ते मोजतात. ऐकायला सोपं आहे. बारीक ब्रशच्या टोकानं अळीला हलकंसं डिवचायचं, हलली तर जिवंत. पण जी अर्धवट वळते आणि थांबते तिला काय म्हणायचं? एक माणूस मेलेली धरतो, दुसरा जिवंत धरतो, आणि अर्ध्या अळ्या किती डोसला मरतात तो आकडा हातचा जातो. म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच माणूस बसतो, यात कुणाचा छळ करायचा हेतू नसतो. शिवाय या अळीचा पतंग निशाचर आहे. मिलन, अंडी घालणं सगळं रात्री. त्याचं निरीक्षण ऑफिस टायमात कसं करणार तेवढं सांगा.

टिप-बॉक्स :
मी टेक्निशियन, वर्धेकडची. सरांना उत्तर देते. आमच्या गावाला जाणारी शेवटची एसटी साडेसहाची, ती चुकली की ऑटोवाल्याच्या मर्जीवर. म्हणून माझं काम साडेपाचला संपते, संपवावंच लागते. सकाळी आल्या आल्या ऑटोक्लेव्ह लावते, तो तापेपर्यंत पानं वाटून घेते. कापसाच्या पानातून डीएनए काढणं म्हणजे डोक्याला ताप, त्यात फेनॉल आणि चिकट साखरा इतक्या की जरा उशीर केला तर सगळं तपकिरी, आणि ते तपकिरी पुढं पीसीआरमध्ये चालत नाही. म्हणून कोवळं पान, सकाळचं, बर्फावर, पटापट. हेच काम दमलेला माणूस रात्री नऊला करते आणि मग दुसऱ्या दिवशी परत करते. दोन दिवसाचे तास मोजले की तो हिरो, माझं एकदाच झालं म्हणून मी 'लवकर जाणारी बाई'.

96 खड्ड्यांची प्लेट भरताना तर आमच्याकडं सगळे एक युक्ती करतात, जो खड्डा भरायचा त्याच जागेची टिप (द्रव ओढायच्या पिपेटचं प्लास्टिकचं टोक) डब्यातून उचलायची, म्हणजे मधेच कोणी हाक मारली तरी डबा पाहून कळते कुठवर आलो. ही युक्ती मुळात लागते कशाला? कारण दमल्यावर माणसाचं ध्यान राहत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

पतंगाचं म्हणाल तर रात्री बसा की. पण रात्री बसलेल्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या. आमच्याकडं रात्रपाळी करून सकाळी दहाच्या मीटिंगला हजर राहा लागते.

निवृत्त कीटक :
शेवटच्या मुद्द्यावर वाद नाही. ते चूकच आहे.

माळरान :
कोणी गडचिरोलीचं का नाही बोलून रायलं? डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना नवजात बाळाची तपासणी शिकवली, वजन, ताप, श्वास मोजणं, इंजेक्शनसुद्धा. 39 गावात काम केलं, नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला, 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं. ते काय एका शास्त्रज्ञानं जास्त तास बसून झालं? शिकवलेले हात वाढवले म्हणून झालं. अन् त्या बाया थोडंफारच शिकलेल्या, त्यांनी श्वास मोजलेला चालते मग तुमच्या अळीले दुसऱ्याचा ब्रश काऊन नाही चालत?

निवृत्त कीटक :
उदाहरण चांगलं, पण अर्धं. गावात कुणाचं बाळंतपण रात्री दोनला झालं तर त्या शिकवलेल्या बाईला रात्री दोनलाच जावं लागायचं. तिला कोणती पाळी होती?

माळरान :
तिचं गाव होतं, घर दहा पावलांवर. साडेसहाची एसटी नव्हती धरायची.

डोमकळी :
सर, ब्रशवाल्या मुद्द्याला उत्तर आहे. सुरुवातीला दोघांनी तेच कप वेगवेगळे मोजायचे, एकमेकाला आकडा न दाखवता, आणि जुळेपर्यंत पुढं जायचंच नाही. 'इतक्या सेकंदात हलली नाही तर मेलेली' असं भिंतीवर लिहून लावायचं. दुसरं म्हणजे एकच माणूस मोजते तेव्हा त्याची नजर रात्री दहाला आणि दुपारी तीनला सारखीच राहते हे कोणी तपासलं? जुळवणी करायला वेळ जाते हे खरं, आणि त्यासाठी दुसरा माणूस पाहिजे, म्हणजे फिरून पद भरण्यावरच आलो.

निवृत्त कीटक :
भिंतीवर लिहिलेलं कोण वाचतं हो. पण करून बघा, आकडे जुळले तर मला कळवा, मी मत बदलीन. एका महिन्याच्या आत बदलणार नाही.

ओलीतवाला :
तुमचं होत राहीन. माह्या पऱ्हाटीत चार-दोन फुलं अशी गुलाबावानी मिटलेली दिसून रायली, उघडतच नाहीत. फवारा मारू का?

डोमकळी :
दादा, तीच डोमकळी, आत गुलाबी बोंडअळी शिरलेलं फूल. लगेच फवारू नका. ती फुलं तोडून नष्ट करा, वावरातच टाकू नका. कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावले असतील तर रोज सकाळी पतंग मोजा, दर सापळ्यात आठ पतंग सलग तीन रात्री आले तर मग विचार करायचा. आणि वावरात फिरून वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं तोडून फोडा, दोनात अळी निघाली तर फवारणीची वेळ आली. वरून छिद्र दिसत नाही म्हणून सोडू नका, अळी आत गेली की ते बुजून जाते. आणि दोन-तीन औषधं एका पंपात मिसळू नका, 2017 ला फवारणीत किती जीव गेले ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असन.

ओलीतवाला :
पाहिलं नं. सकाळी फोडतो बोंडं. फोटो इथंच टाकू का?

निवृत्त कीटक :
इथंच टाका, मीही बघतो. आत पांढरी अळी दिसली तर गुलाबी नाही म्हणून फेकू नका, लहान असताना ती पांढरीच असते.